दवाखान्याच्या दारातली बाज

मी एक जुनी बाज आहे. पलंग नव्हे, खाटही नव्हे, बाज. हा फरक मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झाले ते लोखंडी खाटेशी माझी गाठ पडल्यावरच झाले. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी जगात आल्यावरची पहिली झोप माझ्यासारख्याच एखाद्या बाजेवर घेतली असेल. तुम्हाला ते आठवत नाही याचा मला राग नाही. माझा राग आहे तो एका चांगल्या, शिकलेल्या आणि सगळे नीट आठवत असलेल्या माणसावर.

पण सुरुवातीपासून सांगते. आष्ट्याच्या हरिबा सुताराने मला घडवले. बाभळीचे चार पाय, बाभळीच्याच चार दांड्या आणि वर घायपाताच्या वाखाची घट्ट वीण. मनुबाईची पहिली खेप होती आणि तिच्या वडिलांनी फार घाई लावली होती. हरिबा त्यांना म्हणाला, "पाव्हणं, पोरीचं दिस भरत आलं म्हून लाकडाचं भरत न्हाईत. बाभूळ वाळू द्या. वल्ल्या लाकडाची बाज कुरकुरती, मग बाळंतिणीला झोप न्हाई आन् सुताराला शिव्या." लाकूड वाळले, तेव्हाच त्याने तासायचा वाकस हातात घेतला. मनुबाईची थोरली लेक विजयमाला माझ्यावर पहिल्यांदा झोपली, आणि पोरीने जरा बाळसे धरल्यावर आम्ही तिघी बैलगाडीतून मनुबाईच्या सासरी आलो. आष्ट्याच्या वाटेवरचे, नदीकाठचे, उसाचे गाव ते.

त्या गल्लीत मी एकट्या मनुबाईची राहिले नाही. कुणी बाळंत झाली की तिच्या घरचे माणूस मला मागायला यायचे आणि मनुबाईचा नवरा केरबा मला डोक्यावर घेऊन पोचवायचा. बाळंतिणीला माझ्यावर निजवत, माझ्याखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवत, निखाऱ्यांवर ओवा टाकत. त्याची ऊब माझ्या विणीतून वर जाई आणि पिळवटून निघालेले अंग हळूहळू सैल पडे. पाचव्या दिवशी माझ्या पायाशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होई. मी बुटकी आहे, दिसायला ओबडधोबड आहे. पण माझ्यावरून पाय खाली सोडला की जमीन लागते. अडल्या बाईला जमीन लागणे म्हणजे काय, ते त्या बाईलाच विचारावे.

आता गोष्ट इथेच आहे, की ते विचारले कुणी आणि कशासाठी.

लढाईची वर्षे होती. गावातले तरणे गडी पलटणीत गेलेले. गावचे मोठे बागायतदार लालासाहेब यांची सून बाळंतपणात गेली. म्हातारा माणूस त्या दुःखाने खचला आणि मग जिद्दीला पेटून त्यांनी गावाच्या कडेला बाळंतपणाचा दवाखाना बांधला. पांढऱ्या भिंती, निळी दारे, पुढे रुंद ओसरी, आत लोखंडी खाटांची रांग. वाईहून डॉक्टर चिंतामणराव आले, सांगलीहून चारुशीलाबाई नावाच्या नर्सबाई आल्या. सगळे आले, फक्त बायका आल्या नाहीत. लालासाहेब चिडून म्हणाले, "पुढच्या गुऱ्हाळापतुर बाया आल्या न्हाईत तर मी हितं गुळाच्या ढेपा लावीन." डॉक्टरांच्या तोंडचे पाणी पळाले.

पहिली गेली ती मनुबाई, आणि तीही खुशीने नव्हे. धाकट्या मुलाच्या वेळी ती अडली. गल्लीतल्या चौघांनी तिला माझ्यावरच घातले आणि मला खांद्यावर उचलून दवाखान्याच्या दाराशी नेले. तिथून तिला आत नेले, मला ओसरीखाली कडुनिंबाला टेकवून ठेवले. तिची म्हातारी आई पायऱ्या चढायला लागली तर तिलाही हात आडवा करून थांबवले. म्हातारी येऊन माझ्याजवळ बसली. आतून मनुबाई "आये, आये" म्हणून हाका मारत होती आणि म्हातारी माझ्या पायाला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

डॉक्टरांचा हात गुणी होता, हे मी आधीच कबूल करते. मनुबाई वाचली, पोरगा वाचला. केरबाने दवाखान्यात पेढे वाटले. मनुबाई घरी निघाली तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "कसं होतं? काही त्रास झाला?" मनुबाईने पदर सावरला आणि म्हणाली, "झ्याक हुतं की. काय बी तरास न्हाई." तिच्यामागून आणखी दोघी-तिघी अशाच अडून गेल्या, सुटून आल्या आणि त्यांनीही हेच सांगितले. आणि मग घरी येऊन आपल्या जावांना, नणंदांना बजावले, बाई गं, जिवावर बेतलं तरच जा.

आमच्याकडे हे असेच असते. ज्याच्या ओसरीवर पाणी प्यायलो त्याच्या घराला नाव ठेवायचे नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत. लोक ही रीत जिवापाड पाळतात, आणि त्यापायी कुणाचे काय चुकते आहे ते त्याला मरेपर्यंत कळू देत नाहीत.

डॉक्टरांना मात्र संशय आला. एके दिवशी सकाळी ते सायकल हातात धरून केरबाच्या अंगणात आले. केरबाने माझ्यावर घोंगडी टाकली आणि त्यांना बसवले. मनुबाई उंबऱ्याच्या आत, पोर कडेवर.

"मनुबाई, तुमच्या गल्लीतली एकही बाई आपणहून का येत नाही?"

"येतील की," मनुबाई म्हणाली.

"तुम्ही पुन्हा याल का?"

मनुबाईने पोराला दुसऱ्या कडेवर घेतले. केरबा मधेच बोलला, "तिला काय इचारतासा, डाक्तर? दवाखाना लय झ्याक हाय."

"झ्याक असता तर मी इथं आलो नसतो," डॉक्टर म्हणाले. "मनुबाई, तिथं तुम्हाला काय सललं ते मला सांगा."

"डाक्तर, तुमी माझा जीव वाचवलासा. मला खाल्ल्या घरचं वासं मोजायला लावू नगासा."

तेव्हा डॉक्टर जे बोलले ते ऐकून मला त्या माणसाविषयी माया वाटली. ते म्हणाले, "मोजल्याशिवाय कुठला वासा किडलाय ते मला कसं कळणार? आणि छप्पर पडलं तर ते तुमच्याच बायकांच्या डोक्यावर पडेल."

मनुबाईने पोर केरबाकडे दिले आणि ती उंबऱ्यावर बसली. "तुमची खाट उंच. पाय जमिनीला लागत न्हाईत. कळ आली की बाईला पायाखाली जमीन लागती. खाली पत्रा गार, वर रबर गार. दार सताड उघडं. येणारा आदी माझं पाय बघायचा आन् मग त्वांड. आन् माझी आय..." इथे ती थांबली. "माझी आय निंबाखाली बसलेली. माझी हाक तिला ऐकू जात हुती आन् तिला कुनी आत सोडत नव्हतं. मी मरतीया असं मला वाटलं, तवा माझ्या उशाला वळखीचं मानूस नव्हतं. ह्ये मी कुनाला सांगितलं न्हाई."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. आम्ही शिकलो आहोत, आम्हाला कळते, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "आणखी?" मनुबाई बोलत राहिली, आणि डॉक्टर माझ्यावर बसून, मान खाली घालून ऐकत राहिले. केरबाचा चहा त्यांच्या हातात गार झाला.

दुसऱ्याच दिवशी मला दवाखान्यात न्यायला गाडी आली. नर्स चारुशीलाबाईंना हे मुळीच पटले नव्हते. "दोरीत रक्त मुरतं, डॉक्टर. जंतू होतील, ताप येतील. आणि प्रत्येकीबरोबर एक बाई आत घेतली की घरची सगळी धूळ आत येईल." त्यांचेही खोटे नव्हते. मग डॉक्टरांनी केरबाकडून गुऱ्हाळातली जुनी काहील मागून आणली. दर बाळंतपणानंतर माझी दोरी सोडायची, काहिलीत सोडा घालून उकळायची, उन्हात वाळवायची आणि पुन्हा विणायची. माझे लाकूड कढत पाण्याने घासायचे. बाळ अडले तर बाईला टेबलावर घ्यायचे, नाहीतर तिने माझ्यावरच राहायचे. शेगडीला निखारे चालतील, धूर चालणार नाही. तिचे एक माणूस आत येईल, पण कोपरापर्यंत साबणाने हात धुऊन आणि दवाखान्याचे धुतलेले लुगडे नेसून. दाराला पडदा. दोन्ही बाजूंनी थोडे थोडे सोडले आणि चांगले जमले.

"तुम्ही सांगितलंत ते आता इथून हलणार नाही. माझा शब्द," डॉक्टर मनुबाईला म्हणाले. तो शब्द पदरात घेऊन मनुबाई हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरोघर फिरली. "बाज आत हाय. आपलं मानूस उशाला बसतंय. मी सांगते न्हवं, माझ्या शब्दावर चला," असे ती म्हणायची. बायकांना दवाखान्याची खात्री नव्हती, मनुबाईची होती. त्या येऊ लागल्या.

मित्रांनो, ते माझे वैभवाचे दिवस. किती पोरे माझ्यावर पहिल्यांदा रडली ते मला सांगता येणार नाही. माझी दोरी विणायला बायका आपणहून बसायच्या, विणता विणता बोलायच्या, आणि डॉक्टर तिथे येऊन ऐकायचे. कुणी म्हणाले पिण्याचे पाणी लांब आहे, तर रांजण जवळ आला. कुणी म्हणाले तपासताना सगळ्यांसमोर वय आणि खेप ओरडून विचारू नका, तर चारुशीलाबाई कानाशी वाकून विचारू लागल्या. पुढे तर त्याच माझ्यावर हात फिरवून म्हणायच्या, "ही आमची थोरली नर्स." नव्या बाळाच्या पाचवीला त्या स्वतः हळदकुंकू वाहायच्या.

मग दवाखान्याचे नाव झाले. साताऱ्याहून मोठे साहेब दवाखाना पाहायला यायचे ठरले. मला घासूनपुसून ओसरीत मांडले, झेंडूच्या माळा घातल्या, वर लालासाहेबांच्या घरची रेशमी चादर अंथरली. भाषणे झाली. डॉक्टर म्हणाले, "आम्ही बायकांचे ऐकले, म्हणून हे घडले." टाळ्या पडल्या. फोटो काढला. त्यात लालासाहेब होते, साहेब होते, डॉक्टर होते, मी होते. बायका दवाखान्याच्या मागे पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होत्या. मनुबाईच्या हाताला पीठ होते. मी तिची वाट पाहिली, पण तिला कुणी बोलावले नाही.

पाहुणे गेल्यावर मला आत नेले नाही. आज नेतील, उद्या नेतील, म्हणून मी ओसरीत थांबले. आत आणखी लोखंडी खाटा आल्या. लांबलांबच्या गावांतून बैलगाड्या येऊ लागल्या आणि डॉक्टर कधी सांगलीला तर कधी साताऱ्याला व्याख्याने द्यायला जाऊ लागले. विषय काय, तर रोग्यांचे ऐकावे. बाई दाराशी येई, मला पाहून तिच्या जिवात जीव येई, ती माझ्यावर टेके. नाव-गाव लिहून होईपर्यंत ती माझी. मग तिला उठवून आत नेत, पडदा सरकवत आणि तिच्या आईला, जावेला, सासूला म्हणत, तुम्ही बाहेर बसा. ज्या दोरीवर कुणी निजतच नाही ती कशाला उकळायची? काहील पालथी पडली आणि तिच्यावर कोंबड्या बसू लागल्या.

एका दुपारी चारुशीलाबाई डॉक्टरांना माझ्यासमोरच म्हणाल्या, "डॉक्टर, बाज आत घ्यायची नसेल तर निदान दारातून हलवू या. बायका तिला बघून आत येतात."

"म्हणूनच तर ती दारात हवी," डॉक्टर म्हणाले. "एकदा आत आल्या की बाळंतपण सुखरूप होतं की नाही? मग? एवढ्या गर्दीत प्रत्येकीची आई कुठं आत घेऊ? आणि मी जाताना विचारतो की सगळ्यांना. एकीचीही तक्रार नाही."

माझ्या दोऱ्या तटकन तुटतील असे मला वाटले. 'झ्याक' या शब्दाची किंमत ज्या एका माणसाला पक्की ठाऊक होती, तोच आता तो शब्द खरा धरून चालला होता. गरज सरो नि वैद्य मरो, असे म्हणतात. इथे गरज होती वैद्याला, आणि ती सरली होती. मला फसवले, हे मी एक वेळ सोसले असते. मी लाकूड, मला कुठेही ठेवा. पण त्यांनी माझ्याकडून फसवून घेतले. मी दारात उभी राहून रोज एकेका बाईला आत बोलावत होते, आणि आत मी नव्हते.

मनुबाईला यातले काहीच कळले नाही. कसे कळणार? तिची धाकटी जाऊ शालूबाई याच दिवसांत तिच्याच शब्दावर दवाखान्यात बाळंत झाली. त्या वेळी मनुबाई सोबत नव्हती, माहेरच्या मयताला गेली होती. शालूबाईची सासू दिवसभर निंबाखाली बसली. परत आल्यावर मनुबाईने विचारले, "कसं झालं गं?" शालूबाई म्हणाली, "झ्याक झालं, आक्का." दवाखान्याला नाव ठेवायचे नव्हते, आणि थोरल्या जावेच्या शब्दाला तर मुळीच नाही.

मग विजयमालाचे दिवस भरले. तिचा नवरा दादासो पलटणीत, सासर लांब, म्हणून पहिल्या बाळंतपणाला ती आईकडे आली होती. भित्री पोर. दवाखान्याच्या नावाने तिच्या अंगाला घाम फुटायचा. ओसरीत माझ्यावर बसून तिने आईचा पदर बोटाला गुंडाळून घेतला होता.

"आये, तू सोडून जाणार न्हाईस न्हवं?"

"खुळी का काय. मी उशाला बसणार. डाक्तरांनी शबुद दिलाय मला. आन् ही बघ आपली बाज. तू जन्माला आलीस ती ह्याच बाजंवर निजलीस."

विजयमालाने माझ्या दांडीवरून हात फिरवला आणि हसली. तेवढ्यात नवी मदतनीस आली, पोरीला दंडाला धरून उठवले, आत नेले. मनुबाई हात धुवायला रांजणाकडे वळली होती. ती वळून आली तर दार लागलेले. तिने कडी वाजवली. कुणी उघडले नाही. आतून "आये" ऐकू आले, मग पुन्हा, मग पुन्हा. मनुबाई माझ्यावर बसली, उठली, दाराशी गेली, परत बसली. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले.

"डाक्तर, मला आत घ्या. पोरगी भ्याली हाय."

"मनुबाई, आता पूर्वीसारखं राहिलं नाही. गर्दी बघता ना? सगळं ठीक होईल, तुम्ही काळजी करू नका."

"आवं, पर तुमी शबुद दिलासा."

"हो, पण तुमच्यासाठी नियम मोडला तर बाकीच्यांना काय सांगू?"

 आपले माणूस आत घ्यायचे हा मूळ नियम तिने सांगूनच झाला होता, हे डॉक्टरांना आठवत होते. त्यांनी तिच्याकडे न पाहताच दार लावले, त्यावरून मला कळले.

मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. कागदावर बघाल तर कुठेही काही बिघडले नव्हते. पण विजयमाला आईशी बोलेना. घरी न्यायला गाडी आली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू खोटं बोललीस. मी हाका मारमारून दमले. तू व्हतीस कुटं?" ज्या दुःखातून मनुबाई स्वतः गेली होती आणि जे उंबऱ्यावर बसून तिने मोठ्या कष्टाने बाहेर काढले होते, त्याच दुःखात तिने लेकीला आपल्या हाताने नेऊन सोडले होते.

त्या दिवशी तिने गल्लीतल्या बायकांना एकेक करून विचारले. एकेकीने खाली मान घातली. शालूबाई म्हणाली, "आमालाबी तसंच केलं, आक्का."

"मग सांगितलं न्हाईस ते?"

"तुझ्या शबदावर गेलतो. तुला कसं सांगायचं?"

मनुबाई दुसऱ्या दिवशी केरबाला घेऊन दवाखान्यात आली. ओसरीत बायका बसल्या होत्या, डॉक्टरही होते. ती चढ्या आवाजात बोलली नाही. "डाक्तर, माझी बाज न्यायला आलेय."

डॉक्टर हसले. "राहू द्या हो. दवाखान्याची शोभा आहे ती. तिच्याशिवाय बायका बिचकतील."

"बिचकू द्या," मनुबाई म्हणाली. "आत जे न्हाई ते दारात नगं." आणि तिने माझा एक पाय स्वतः धरला. केरबाने मला डोक्यावर घेतले. चारुशीलाबाई आमच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या, माझ्या पायावरून एकदा हात फिरवून परत फिरल्या.

इथे माझी गोष्ट संपली असती तर मी ताठ मानेने सांगितली असती. पण फसवणुकीची किंमत फसवणाराच देतो असे नाही.

मी घरी आले आणि दवाखान्यात जाणाऱ्या बायका कमी झाल्या. गल्लीतल्या तर पार थांबल्या. पुढे शालूबाईला पुन्हा दिवस राहिले आणि तिने माझीच मागणी घातली. सकाळी कळा सुरू झाल्या, दुपार झाली, बाळ आडवे. मनुबाईला तिची स्वतःची खेप आठवली. काय आहे ते तिने ओळखले. ती म्हणाली, "शालू, चल. हितं भागायचं न्हाई. डाक्तराचा हात गुणी हाय, त्यो वाचवील. मी तुझ्याबरूबर येती."

शालूबाईने तिचा हात धरून ठेवला. "न्हाई, आक्का. तिथं दार लागतंय. मला एकटीला नगं. तू हितंच बस."

"ह्या खेपेला मी दार लावू देणार न्हाई. माझं ऐक."

"तुझं ऐकलं व्हतं एकदा," शालूबाई म्हणाली. ती हे रागाने म्हणाली नाही. जावेचे मन दुखावू नये म्हणून तिने तो हात आणखी घट्ट धरला.

मनुबाई त्यानंतर तिला आग्रह करू शकली नाही. तिच्या शब्दात आता बळ उरले नव्हते, आणि ते कुणी काढून घेतले ते तिला ठाऊक होते. केरबा डॉक्टरांना आणायला धावला. डॉक्टर सायकलवरून आले, धापा टाकत आले, पिशवी घेऊन आले. तोवर शालूबाई पोटातल्या बाळासकट माझ्यावर शांत झाली होती. उशाला मनुबाई होती, सासू होती, पायाखाली जमीन होती. तिने मागितलेले सगळे होते. नव्हता फक्त डॉक्टरांचा हात, आणि तो एका हाकेच्या अंतरावर होता.

डॉक्टर अंगणात उभे राहिले. "आणली का नाहीत?" ते म्हणाले. मनुबाईने शालूबाईच्या मुठीतून आपला हात सोडवून घेतला. 

मित्रांनो, तेव्हापासून मला कुणी मागायला येत नाही. जिच्यावर बाळंतीण गेली ती बाज दुसरी बाळंतीण वापरत नाही. मनुबाईने मला मोडले नाही की जाळले नाही. परसात उभी करून ठेवली आहे. माझी दोरी सैल पडली आहे आणि ती कुणी आवळत नाही.

मला तुमच्याकडे फार मागायचे नाही. तुमच्यातले कुणी डॉक्टर होतील, कुणी नर्स होतील, कुणी मास्तर किंवा मामलेदार होतील. दुखणाऱ्या माणसाला काय सलते ते जरूर विचारा. पण तो मन मोकळे करून जे सांगेल ते त्याचे आहे. त्याने त्याचेच दुखणे हलके झाले पाहिजे. ते तुमच्या दारात शोभेला मांडू नका. आणि एकदा ऐकून बदललेत तर दुसऱ्यांदाही ऐका, तिसऱ्यांदाही ऐका, गर्दी वाढली तरी ऐका. माझी दोरी जशी दर वेळी सोडून, उकळून, नव्याने विणावी लागे, तसेच ते काम आहे. एकदा विणून भागत नाही.

डॉक्टर मागच्या महिन्यात पुन्हा आले होते. केस पिकले आहेत. सायकल भिंतीला लावून ते अंगणात बसले आणि म्हणाले, "मनुबाई, माझं चुकलं. दवाखान्यात आता काय काय करायला हवं ते मला सांगा. या वेळी मी करीन." मला वाटते ते मनापासून बोलत होते. मी परसातून कान देऊन ऐकत होते. बोल गं बाई, असे माझ्या मनात आले, कारण तिच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि पोटुशा बाया गल्लीत अजून होत्या.

मनुबाईने त्यांना पाणी दिले. पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला, जसा परक्या पाहुण्याला देतात तसा. मग ती आत गेली आणि डॉक्टर उठून जाईपर्यंत बाहेर आली नाही.